दोन, चार, सहा

रविवारच्या शाळेतील मुलांसाठी एक सोपा खेळ आहे. शिक्षकाने तीन आकड्यांसंबंधी एक नियम मनात धरावा आणि फळ्यावर २, ४, ६ असे लिहून सांगावे की, हे आकडे माझ्या नियमात बसतात. मुलांनी आपापले तीन आकडे सुचवावेत. शिक्षकाने फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढेच सांगावे. ज्याची खात्री पटेल त्याने नियम ओळखावा.

मुले काय करतात ते पाहण्यासारखे असते. एक म्हणतो, ८, १०, १२. उत्तर येते, बसतात. दुसरा म्हणतो, २०, २२, २४. तेही बसतात. मग सर्वजण ओरडतात, “दोन-दोनने वाढणारे आकडे!” आणि शिक्षक म्हणतात, “नाही.” कारण मनातला नियम एवढाच होता की, प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा मोठा असावा. १, २, ९० हेदेखील त्यात बसले असते. पण ते कोणी विचारलेच नाही.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली हाच खेळ प्रौढ विद्यार्थ्यांवर करून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शिकलेसवरलेले लोक, पण बहुतेकांनी पहिल्यांदा सांगितलेला नियम चुकला. त्यांची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. जो तर्क मनात आला त्याला दुजोरा मिळेल असेच आकडे ते विचारत राहिले. तर्क खोटा ठरेल असा प्रश्न त्यांना सुचला नाही, किंवा विचारावासा वाटला नाही. दहा वेळा ‘होय’ ऐकून जे कळत नाही, ते कधीकधी एका ‘नाही’ने कळते.

आता हा खेळ फळ्यावरून उचलून आपल्या मंडळीत आणून पाहू. समजा, इंदुरातील एका मराठी मंडळीत एक तरुण दोन रविवार उपासनेला आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो उशिरा, आणि आशीर्वचन होताच कोणाशी न बोलता निघून गेला. आपल्यापुढे २, ४, ६ आले. नियमही तयार झाला : “याचा विश्वास थंडावला आहे.” यापुढे तो जे करील ते त्यात बसतेच. दानाच्या थैलीत कमी टाकले, तरी बसते. गप्प राहिला, तरी बसते. पीथमपूरच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी लागली आहे काय, घरी आई अंथरुणाला खिळली आहे काय, हे कोणी विचारीत नाही. कारण त्या प्रश्नाने आपला नियम मोडण्याचा संभव असतो.

येथे कोणी म्हणेल, असा प्रत्येक वेळी संशय घेत बसलो तर कोणताच निर्णय करता येणार नाही. आक्षेप रास्त आहे. नियमावाचून जग चालत नाही, आणि खरे नियम सापडतातही. आपल्या महाराष्ट्रातच त्याचे सुंदर उदाहरण आहे. देवळालीच्या शाळेतील गणिताचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना आकड्यांच्या खेळाचा मोठा नाद. त्यांनी शोधून काढले की, कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते व तेथेच थांबते. ३५२४ घ्या : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

पण या नियमाची सांगण्याची रीत पाहा. ज्या संख्येचे चारही अंक सारखे आहेत, जसे ११११, तिला तो लागू नाही, हे त्याच्याबरोबरच सांगावे लागते. चार अंकांना जे लागू, ते दोन अंकांना नाही. तेथे ८१, ६३, २७, ४५, ९ असे फिरून पुन्हा ८१ येते, थांबणे नाही. आपण कोठे लागू नाही हे सांगणारा नियम विश्वासार्ह असतो. “तो मनुष्य तसलाच” या आपल्या नियमाला मात्र कोठेच हद्द नसते.

म्हणून निर्णय करूच नये असे नव्हे. मंडळीच्या हिशेबात तूट आली तर वह्या तपासल्याच पाहिजेत, आणि त्यात प्रेमाचा भंगही नाही. उलट, तपासणी हाच असा प्रश्न आहे की ज्यातून खजिनदार निर्दोषही ठरू शकतो. अन्याय कुजबुजीत आहे, कारण कुजबूज निर्दोष ठरण्याची वाटच ठेवीत नाही. आपल्या आवडत्या माणसांविषयीही हेच खरे. “आमचा मुलगा असे करणारच नाही,” हाही न तपासलेला नियमच असतो, आणि त्याची किंमत कधीकधी दुसऱ्याच्या मुलाला द्यावी लागते.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. जो दुःख भोगतो त्याने पाप केलेच असले पाहिजे, हा त्यांचा नियम. त्याची गुरे गेली, मुले गेली, अंगभर फोड आले; प्रत्येक आघात त्यांना आपल्या नियमाचा पुरावा वाटला. अखेरीस देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. ईयोबाला त्याच्या दुःखाचा नियम शेवटपर्यंत सांगितला गेला नाही. पण तो देवालाच विचारीत राहिला. मित्र मात्र देवाच्या वतीने उत्तरे देत राहिले.

खेळात आणि जीवनात एक मोठा फरक आहे. खेळात नियम ज्याच्या मनात आहे तो फक्त ‘बसते, बसत नाही’ एवढेच बोलतो. आपला शेजारी त्याहून पुष्कळ अधिक सांगू शकतो. त्याच्या घरी जाऊन, बसून, “काय रे, बरा आहेस ना?” एवढे विचारण्याचीच खोटी. शिक्षकांनी हा खेळ वर्गात अवश्य घ्यावा. आणि नियम उलगडल्यावर मुलांना विचारावे की, या आठवड्यात आपण कोणाविषयी तीनच आकड्यांवरून मत बनवले, आणि त्याला अजून काय विचारायचे राहिले आहे.