रिकामी जाळी धुणारे

आजचं वाचन: लूक ५:१-११



या उताऱ्यावरचे संदेश आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. रात्रभर काही मिळालं नाही, येशूने सांगितलं, जाळी टाकली, मासेच मासे. आणि शेवटी उपदेशक म्हणतात, तुमचंही जाळं या आठवड्यात भरणार, हालेलूया! खरं सांगू? मला या शेवटाची थोडी भीती वाटते. सोमवारी ज्याचं जाळं रिकामंच राहतं, त्याने मग काय समजायचं?

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्याच एका ताईने मेसेज केला. जॉब जाऊन सात महिने झालेत, इंटरव्ह्यूमागून इंटरव्ह्यू, आणि आता प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तिने विचारलं, "थांबवली तर चालेल का?" आजचं मनन तिच्यासाठीच आहे.

येशू सरोवराच्या काठी आला तेव्हा ते कोळी काय करत होते, ते वचन २ मध्ये बघा. जाळी धूत होते. एकही मासा न लागलेली जाळी! आपण असतो तर कोपऱ्यात फेकून घरी जाऊन झोपलो असतो. पण त्या काळची जाळी जवसाच्या धाग्याची. न धुता, न वाळवता ठेवली तर कुजायची. म्हणून काही मिळो न मिळो, सकाळी हे काम असायचंच.

हे वचन मला नीट दिसलं ते मागच्या शनिवारी, इथे अमेरिकेत. वॉशिंग्टन राज्यात मेफील्ड लेक नावाचा धरणाचा जलाशय आहे. आमच्या चर्चमधले एक निवृत्त एल्डर मला तिथे टायगर मस्की पकडायला घेऊन गेले. टायगर मस्की म्हणजे मस्कलंज आणि नॉर्दर्न पाईक या दोन माशांचा संकर. अंगावर वाघासारखे पट्टे, तोंडात असे दात की साधी दोरी कापून टाकतो, म्हणून आमिषाच्या पुढे तार लावावी लागते. त्याची पिल्लं होत नाहीत, त्यामुळे सरकारी मत्स्य विभाग ते वाढवून तळ्यात सोडतो. या तळ्यात ते पहिल्यांदा १९८८ मध्ये सोडले गेले. सॅमनची पिल्लं खाणारे मासे त्याने आटोक्यात ठेवावेत, हा त्यामागचा हेतू होता.

मस्कीला तिकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. म्हणजे तेवढ्या वेळा गळ टाका, मग एखादा लागेल! थोडी अतिशयोक्ती असेल, पण आमचा दिवस तसाच गेला. सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत टाकायचं, ओढायचं, परत टाकायचं. आणि दर वेळी आमिष होडीजवळ आलं की ते लगेच वर काढायचं नाही. काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा मोठा आकडा काढायचा. कारण हा मासा पुष्कळदा आमिषाच्या मागे मागे अगदी होडीपर्यंत येतो. वरून काहीच दिसत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला एक आला. एल्डरांचा आठ चालू होता, खालून हिरवट पट्ट्यांचं लांबलचक अंग वर आलं, आमिषाकडे बघितलं आणि खाली गेलं. बस. दिवसभराची कमाई एवढीच.

धक्क्यावर परतल्यावर मी दमून बसलो होतो. ते मात्र आमिष पुसत होते, तारेला कुठे पीळ पडलाय का ते बोटांनी तपासत होते. परत येताना गाडीत त्यांनी मुलाविषयी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी भांडून घर सोडलं त्याने. हे दर रविवारी संध्याकाळी फोन लावतात. तो बहुतेक वेळा उचलत नाही. मी विचारलं, मग कशाला? ते म्हणाले, "उचलेल त्या रविवारी माझा फोन आलेला असावा, म्हणून."

ताई, आता पेत्राकडे ये. सुताराच्या घरात वाढलेला माणूस एका मुरलेल्या कोळ्याला दिवसाढवळ्या जाळी टाकायला सांगतो. पेत्र काय करतो? आधी सरळ सांगून टाकतो की रात्रभर राबलो, हाती काही नाही. तो हे लपवत नाही, भक्तीची भाषाही लावत नाही. येशू त्याला रागावत नाही. तुझे सात महिने तसेच्या तसे प्रभूला सांग. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, हेही सांग.

आणि योहान २१ जरूर वाच. पुनरुत्थानानंतरची गोष्ट आहे. तोच पेत्र, तेच सरोवर, आणि पुन्हा एक अख्खी रात्र रिकामी! एवढा मोठा चमत्कार बघूनही. म्हणून तुझ्या रिकाम्या रात्री तुझ्या अविश्वासामुळे आहेत असं कोणी सांगितलं, तर मनावर घेऊ नकोस.

अजून एक. जे मासे मिळावेत म्हणून पेत्र रात्रभर जागला, ते मिळाले त्याच सकाळी त्याने किनाऱ्यावर सोडून दिले (वचन ११). यावर उद्या बोलू.

प्रार्थना: प्रभू येशू, आज ही ताई पुन्हा एका इंटरव्ह्यूला बसते आहे. तिच्याजवळ बस. आणि त्या एल्डरांच्या मुलाला येत्या रविवारी फोन उचलायची बुद्धी दे. आमेन.