किंदमाचा आक्षेप

महाभारताच्या आदिपर्वांतील पांडुराजाच्या शापाची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. आणि लहानपणीं ऐकलेल्या कथांचें जें होतें तेंच तिचेंहि होतें. शाप तेवढा लक्षांत राहतो आणि वाद विसरला जातो. वनांत शिकारीस गेलेल्या पांडूनें एका कळपाच्या नायक मृगावर, तो आपल्या मादीशीं रत असतांना, पांच बाण टाकले. तो मृग म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम नांवाचा मुनि होता. मरतां मरतां त्यानें शाप दिला कीं, तुलाहि स्त्रीसमागमाच्या वेळींच मृत्यु येईल. आणि पुढें वसंत ऋतूंत माद्रीच्या सहवासांत तो शाप खरा ठरला. एवढें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बाण लागल्यानंतर आणि शाप उच्चारला जाण्यापूर्वीं राजा व मृग यांचा जो संवाद व्यासांनीं घातला आहे, तो मला शापापेक्षांहि अधिक विचार करण्यासारखा वाटतो.

पांडूचें म्हणणें थोडक्यांत असें: मृगया हा राजांचा आचारच आहे, अगस्त्यासारख्या ऋषीनेंहि मृग मारिले, मृग सावध आहे कीं बेसावध हें पाहून कोणी शिकार करीत नाहीं, मग मलाच दोष कां? यावर किंदमाचें उत्तर विलक्षण आहे. शिकार हें पाप आहे, असें तो म्हणत नाहीं. मृग मारल्याबद्दल, किंबहुना आपणांस मारल्याबद्दलहि, तो राजाला दोष देत नाहीं. त्याचा आक्षेप एवढाच कीं, राजानें थांबावयास हवें होतें.

तर्काच्या दृष्टीनें पाहतां हा आक्षेप टिकतो काय? प्राण्याची हत्या निंद्य असेल तर ती सर्व काळीं निंद्य असली पाहिजे; आणि ती क्षम्य असेल तर सकाळीं काय, सायंकाळीं काय, माजाच्या दिवसांत काय, इतर दिवसांत काय, सारखीच क्षम्य असली पाहिजे. ज्याचा मारण्याचा अधिकार मान्य आहे, त्याच्यावर घटकाभर थांबण्याचें बंधन कोठून येतें? प्रस्तुत लेखाचा प्रश्न हाच आहे.

हा प्रश्न मला ग्रंथांत भेटण्यापूर्वीं घरांत भेटला. अमरावतीस माझ्या आजोळच्या घरीं दिवाणखान्यांत सांबराच्या शिंगांची एक जोडी टांगलेली होती. माझे आजोबा वकील होते. तारुण्यांत त्यांना शिकारीचा नाद होता. १९५८ सालच्या मार्गशीर्षांत, परवाना घेऊन, त्यांनीं मेळघाटांत सिपना नदीच्या कांठीं तें सांबर मारिलें होतें. दिवाळीच्या सुट्टींत आम्ही नातवंडें जमलों म्हणजे ती हकीकत हटकून निघे. वारा कसा पारखला, पालापाचोळ्यावर पाऊल कसें टाकलें, उजाडतांना तें भव्य जनावर तीस पावलांवर कसें आलें, आणि एकाच गोळींत कसें पडलें, हें आम्हांला तोंडपाठ झालें होतें.

सांबराच्या नराचें वर्ष कसें जातें, हें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें. उन्हाळ्यांत त्याचीं शिंगें गळतात. पावसाळ्यांत नवीं शिंगें फुटतात. तीं मऊ असतात आणि त्यांवर लवदार कातडें असतें. पाऊस सरल्यावर तीं कठीण होतात आणि वरचें कातडें तो झाडांच्या बुंध्यांवर घासून काढतो. मग नोव्हेंबर-डिसेंबरांत तो माजावर येतो. एरव्हीं हा प्राणी कमालीचा सावध असतो. दिवसा दाट झाडींत दडावें, रात्रीं चरावें, वाऱ्यावर माणसाचा नुसता वास आला तरी नाहींसें व्हावें, असा त्याचा क्रम. माजाच्या दिवसांत मात्र तो चिखलांत लोळतो, झुडुपांवर शिंगें आपटतो, चरणें विसरतो आणि माद्यांच्या मागें उघड्यावर येतो. सुमारें आठ महिन्यांनीं, पावसाळ्यांत, रानांत कोंवळा चारा असतांना पाडसें जन्मतात. चितळांचा काळ वेगळा. त्यांच्या नरांच्या आरोळ्या प्रामुख्यानें उन्हाळ्यांत ऐकूं येतात. आपल्या उष्ण देशांत हे ऋतु कांहींसे सैल असतात. अमेरिकेंतील रॉकी पर्वतांत खेचरासारख्या मोठ्या कानांचें ‘म्यूल डीअर’ नांवाचें हरिण आहे. तेथें दिवस लहान होत जाण्याशीं त्याचा माज घट्ट बांधलेला असतो, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत तो ऐन भरास येतो. सुमारें दोनशें दिवसांनीं, जूनमध्यें, बर्फ वितळून गवत वाढलें असतां, पाडसें होतात. वर्षभर माणसाला हुलकावणी देणारा तेथील थोराड नरहि या दिवसांत सहज दृष्टीस पडतो. म्हणून तेथील शिकारी या तारखांचा बारकाईनें अभ्यास करितात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पावसाळ्यांत मऊ शिंगांचा नर मारूं नये, असा जुन्या शिकाऱ्यांचा दंडक होता, आणि त्याला ते सभ्यतेचा नियम म्हणत. पण तीं मऊ शिंगें दिवाणखान्यांत टांगावयास निरुपयोगी असतात, हेंहि खरें होतें. शिंगें कठीण होतात तीं माजांतील झुंजींसाठीं. आणि शिकाऱ्याला शिंगें हवीं असतात तींहि कठीण झालेलीं. अर्थात् शिंगांसाठीं निघालेल्या माणसाची आणि मादीसाठीं निघालेल्या नराची वेळ बहुधा एकच ठरते. किंदमाचा आक्षेप अपवादात्मक प्रसंगाविषयीं नाहीं. तो या छंदाच्या मुळाशींच जातो.

पाश्चात्य नीतिशास्त्राच्या साह्यानें या आक्षेपाचा उलगडा होतो काय, तें पाहूं. बेंथमनें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्राण्यांविषयीं जो प्रश्न विचारला, तो त्यांच्या बुद्धीविषयीं नसून वेदनेविषयीं होता. परंतु गोळीची वेदना वैशाखांत जेवढी तेवढीच मार्गशीर्षांत. वेदनेच्या मापानें किंदमाचें म्हणणें मोजतां येत नाहीं. तो वेदनेबद्दल तक्रार करीतहि नाहीं. कांटचें मत असें कीं, प्राण्यांशीं क्रूरपणें वागणारा मनुष्य माणसांशींहि कठोर होतो, म्हणून प्राण्यांवर दया करावी. हें आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळ येतें. पण मारण्याच्या एका वेळेपेक्षां दुसरी वेळ मनाला अधिक कठोर कां करते, हें त्यांतून कळत नाहीं.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, हा प्रश्न संततीच्या संख्येचा आहे. माजांत नर मारिले तर कळप घटतील. पण या हिशेबानें माजापूर्वीं मारलेल्या नराचीहि त्या वर्षींची संतति बुडतेच. शिवाय एका नरामागें अनेक माद्या असल्यामुळें थोडे नर गेल्यानें फारसें बिघडत नाहीं, असेंहि उत्तर मिळूं शकेल. हिशेब खरा असेल. पण किंदम हिशेब मांडीत नाहीं. आणि कोणी असें म्हणेल कीं, वाघ कोठें मुहूर्त पाहतो? मेळघाटचा वाघ माजावर आलेल्या सांबरावर झडप घालतोच. मग माणसानेंच काय अधिक केलें?

माझ्या मतें या शेवटच्या प्रश्नांतच उत्तर दडलेलें आहे. वाघ मुहूर्त पाहत नाहीं, कारण त्याला तो ठाऊक नसतो. भूक लागली कीं समोर येईल तें तो धरतो. मनुष्याला मात्र ऋतु कळतो. दुसऱ्याचें भान केव्हां हरपेल, हें तो महिना-महिना आधीं पंचांगांत पाहून ठेवूं शकतो. १८७१ सालच्या फॉर्सिथपासून १९२३ सालच्या डनबार ब्रँडरपर्यंत मध्य प्रांतांतील ज्या ग्रंथकारांनीं जनावरांचे हे काळ टिपून ठेविले, ते बहुतेक स्वतःच शिकारी होते. या ज्ञानाचे उपयोग दोन होतात. एक, त्या वेळीं दबा धरून बसणें. दुसरा, त्या वेळेभोंवतीं कुंपण घालणें. अशोकानें आपल्या राज्याभिषेकास २६ वर्षें झालीं असतां कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत गाभण व पिलांना पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी, तसेंच सहा महिन्यांच्या आंतील त्यांचीं पिलें अवध्य ठरविलीं. आपल्याकडील १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यानें प्रांतिक सरकारांस शिकारबंदीचा काल ठरविण्याचा अधिकार दिला. अमेरिकेंतील अनेक राज्यें सर्वसाधारण शिकारीचा हंगाम माज भरास येण्यापूर्वींच बहुतांशीं आटोपतात आणि पुढील दिवसांसाठीं मोजकेच परवाने देतात. ज्ञान तेंच, एकानें त्याचें शस्त्र केलें, दुसऱ्यानें मर्यादा केली.

या दृष्टीनें मूळ कथेकडे पुन्हां पाहावें. मृगरूपांतील मुनीला पांडूनें ओळखलें नव्हतें, म्हणून ब्रह्महत्येचें पाप त्याला लागणार नाहीं, असें किंदम स्वतःच सांगतो. जें राजाला ठाऊक नव्हतें, त्याची क्षमा झाली. परंतु ती वेळ कोणती आहे, हें त्याला डोळ्यांनीं दिसत होतें; त्याची क्षमा झाली नाहीं. मारण्याचा अधिकार आणि दुसऱ्याच्या असहायतेचा लाभ घेण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला मिळाला म्हणजे दुसरा त्याच्या पोटांत आपोआप येत नाहीं. त्यांतहि ही असहायता रोगाची किंवा दुबळेपणाची नव्हे. नव्या जीवाच्या ओढीनें जीव स्वतःचें रक्षण विसरतो, त्यांतून ती आलेली असते. तिचा फायदा घेणारा एका प्राण्याला मारतो एवढेंच नव्हे, तर ज्या ओढीमुळें तो स्वतःहि जन्माला आला, तिलाच सापळा बनवितो.

कोणी म्हणेल, आतां या चर्चेचें प्रयोजन काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा बसला, १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची शिकारहि बंद झाली, आणि मेळघाट तर १९७३-७४ मध्येंच देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला. हें खरें आहे. तथापि अकोल्याकडील शेतकऱ्यास विचारा. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पिकांत रोह्यांचे व रानडुकरांचे कळप शिरतात, आणि तो थंडींत रात्र रात्र जागल करितो. त्यानेंहि किंदमाचें ऐकून थांबावें काय? मला तसें वाटत नाहीं. पीक राखण्याची वेळ तो निवडीत नाहीं. ती त्याच्यावर येते. त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचें उत्तर सरकारनें व समाजानें दिलें पाहिजे; पण तो किंदमाचा प्रश्न नव्हे. किंदमाचा आक्षेप वेळ निवडणाऱ्यावर आहे.

आतां आजोबांकडे वळतों. मी पदवीच्या वर्गांत असतांना त्यांची दृष्टि गेली होती आणि सुट्टींत मी त्यांना महाभारत वाचून दाखवीत असें. एके दुपारीं हा संवाद आला. त्यांनीं तो मला पुन्हां वाचावयास लावला. मग पुष्कळ वेळानें म्हणाले, “अरे, त्या सांबरानं मला पाहिलं होतं.” मला कांहीं कळेना. त्यांनीं सांगितलें कीं, वारा पारखणें वगैरे सर्व मागाहून जोडलेलें होतें. नदीच्या पलीकडे मादी होती. नर उघड्यावर आला, त्यानें आजोबांकडे पाहिलें, आणि मान फिरवून तो पुन्हां मादीकडे पाहूं लागला. बरोबरचा कोरकू वाटाड्या हळूच म्हणाला होता, “वकीलसाहेब, राहूं द्या आज. त्याचं ध्यान नाहीं.” आजोबांनीं गोळी झाडली. “तीस पावलांवर उभं असलेलं जनावर कोणीहि मारलं असतं,” ते म्हणाले. “माझं त्यांत कांहीं नव्हतं.”

त्यांच्या मृत्यूनंतर आईनें एकदां सहज एक गोष्ट सांगितली. आजोबा वसुलीच्या दाव्यांत मोठे कडक. कोर्टाचा हुकूमनामा हातीं आला कीं पैन् पै वसूल करीत. पण ऋणकोच्या घरीं लग्न किंवा बाळंतपण असेल, तर तेवढे दिवस ते जप्ती नेऊं देत नसत. पक्षकार चिडत. लग्नघरींच रोकड आणि दागिने एका जागीं सांपडतात, हीच तर वेळ, असें ते म्हणत. आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें बरोबरहि होतें. आजोबा एवढेंच म्हणत, “आधीं वऱ्हाड परत जाऊं द्या. मग बेलीफ पाठवूं.” हा नेम त्यांनीं केव्हां धरला, असें मीं आईला विचारलें. तिला साल आठवलें नाहीं. ती शाळेंत जाऊं लागली त्या सुमाराचें, एवढेंच ती म्हणाली. तिचा जन्म १९५३ चा.

त्यांनीं कोणाचें देणें सोडलें नाहीं. ते फक्त थांबले. किंदमानेंहि राजाजवळ याहून अधिक कांहीं मागितलें नव्हतें.