दत्त म्हणजे राजीखुशीने दिलेले

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्या मुखी दिवसभर एकच नाव असते. त्या नावाचा साधा अर्थ आज ध्यानात घेऊ. दत्त म्हणजे दिलेला. अत्रिऋषींनी पुत्राची इच्छा धरली, तेव्हा भगवंतांनी स्वतःलाच देऊन टाकले. म्हणून ते दत्त, आणि अत्रींचे पुत्र म्हणून आत्रेय. भगवंतांना कोणी भाग पाडले होते का? नाही. आपल्या दैवताच्या नावातच आपखुशीचे देणे आहे.

आता आपली रोजची भाषा बघा. इच्छा, मर्जी, आपखुशी, स्वेच्छा, राजीखुशी असे कितीतरी शब्द आपण वापरतो. पण वापरतो कसे? घरात कोणी म्हणाले, "तुमची मर्जी!" तर समजावे की त्यांची मर्जी मुळीच नाही. "दत्तमहाराजांची इच्छा" असे म्हणतो, तेव्हा कधी ती खरी शरणागती असते, आणि कधी महाराजांच्या नावाआड आपलीच इच्छा दडलेली असते, बरं का!

राजीखुशी हा शब्द दस्तऐवजात हटकून येतो. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता' लिहून दिले, असे. त्यात शब्द दोन आहेत. राजी म्हणजे कबूल. खुशी म्हणजे मनाचा आनंद. माणूस राजी असतो, पण खूश असतोच असे नाही. सही राजीपणाची मिळते. खुशी कागदावर उमटत नाही.

एका गावी गुरुचरित्राच्या सप्ताहात प्रवचन आटोपल्यावर एक माउली जवळ आल्या. वडिलांच्या मागे भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले होते. त्या म्हणाल्या, "सही केली हो महाराज. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं." कोणी हात धरला नव्हता, कोणी धमकावले नव्हते. पण 'भाऊबीजेला यायचं आहे ना?' एवढे वाक्य पुरे झाले.

आपले धर्मशास्त्र याबाबत फार स्पष्ट आहे. नारदस्मृतीत दानाचा विचार करताना 'दत्त' आणि 'अदत्त' असा भेद केला आहे. अदत्त म्हणजे देऊनही न दिलेले. त्याचे सोळा प्रकार सांगितले आहेत. भीतीने दिलेले, रागाच्या वा शोकाच्या भरात दिलेले, कपटाने काढून घेतलेले, जो स्वतंत्र नाही त्याने दिलेले, हे सारे अदत्त! वडिलांचे दिवसकार्य जेमतेम उरकलेले, डोळ्यांचे पाणी आटलेले नाही, आणि समोर कागद. हे कोणत्या प्रकारात बसते, ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

दान देताना आपण हातावर पाणी घेऊन सोडतो. "तिने हक्कावर पाणी सोडले" असेही आपण म्हणतो. ते पाणी संकल्पाचे, की डोळ्यांचे?

आनंदाने हक्क सोडणाऱ्या बहिणीही आहेत. भावाने आईवडिलांचे सारे केले, मला काही कमी नाही, असे म्हणून त्या देतात. ते खरे दान, आणि त्याने माहेर उजळते. पण २००५ पासून कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. जे तिचे आहे हे तिला ठाऊक असेल, तरच तिला ते देता येईल ना?

मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे? भगवद्गीतेचा अठरावा अध्याय आठवा. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवान अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. शंख फुंकले गेले आहेत, सैन्ये उभी आहेत, तरी निवड अर्जुनाची! तसेच आपणही लेकीला सगळे कागद दाखवावेत, एकटीला बसवून विचारावे, वेळ द्यावा. आणि ती नाही म्हणाली, तरी दिवाळीचे बोलावणे तितक्याच प्रेमाने जावे. 'नाही' म्हणायची सोय नसेल, तर तिच्या 'हो'ला अर्थ नाही.

अवधूतांनी मधमाशीला गुरू केले. ती फुलाला न दुखावता थोडे थोडे घेते. त्यावरूनच आपण माधुकरी म्हणतो. झोळी घेतलेला उंबऱ्याबाहेर उभा राहतो. घालायचे की नाही, ते घरधनीण ठरवते. गाणगापूरच्या भास्कर ब्राह्मणाकडे तिघांपुरताच शिधा होता. लोक हसले, पण त्याने तो मनापासून गुरूंसाठी राखला, आणि चार हजार जेवले. ओढून घेतलेल्या अन्नाला अशी बरकत येत नाही.

यंदाच्या जयंतीला पाळणा हलवताना एवढेच मनाला विचारूया, माझ्या घरात जे माझे म्हणून आहे, त्यातले दत्त किती आणि अदत्त किती? जे अदत्त असेल ते परत करण्याची बुद्धी महाराज देवोत. परत करणे मात्र आपल्याच मर्जीवर आहे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!