तकदीरच्या खात्यावर

जून उजाडला की जुन्या जालन्यात दोनच विषय असतात, पाऊस आणि बियाणे. कुंडलिकेच्या अलीकडे चहाच्या हॉटेलात बसा किंवा पूल ओलांडून नव्या जालन्याच्या बाजारात जा, बोलणे तेच. 'जालना सोने का पालना' ही आपल्या गावाची जुनी म्हण. आज त्या पाळण्यातले सोने म्हणजे लोखंडी सळई आणि बियाणे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली. चांगले बियाणे लहान शेतकऱ्यापर्यंत पोचवले म्हणून १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या समाजातली कितीतरी घरे या धंद्यावर चालतात. कोणाची बहीण बियाणे निवडायला जाते, कोणी पोती वाहतो, कोणाचे कृषी सेवा केंद्र आहे, तर कोणाची बदनापूर-भोकरदनकडे चार एकर कोरडवाहू आहे. तेव्हा बियाणे उगवले नाही तर दोष कोणाचा, हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. एकाच घरात फिर्यादीही असतो आणि ज्याच्यावर फिर्याद आहे त्याचा पगारी माणूसही.

२०२० चा खरीप आठवा. टाळेबंदीचे दिवस होते. सोयाबीन पेरले गेले आणि आठ-दहा दिवस झाले तरी अनेक शेतांत माती तशीच कोरी राहिली. राज्यभरातून हजारो तक्रारी कृषी खात्याकडे गेल्या. खासगी कंपन्यांविरुद्ध गेल्या, तशा सरकारच्या महाबीजविरुद्धही गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि तक्रारींवरून गुन्हे नोंदवायला बजावले. बियाणेवाल्यांचे उत्तर ठरलेले होते. शेतकऱ्याने घाई केली, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरले, तीन-चार सेंटिमीटरऐवजी खोल टाकले, सोयाबीनचे टरफल नाजूक असते तरी पोती आपटली.

हे सगळे खोटे नव्हते, आणि ते झाकून शेतकऱ्याची बाजू मांडण्यात आम्हाला रस नाही. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवडाभराने सत्तर उगवले तर पेरायचे, कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे किंवा पिशवी परत करायची. कृषी खाते दरवर्षी कानीकपाळी ओरडून हे सांगते. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र तर आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. या चाचणीला पैसा लागत नाही, आठ दिवसांचा धीर लागतो. तो धीर न दाखवणाऱ्याने आपला वाटा नाकारू नये.

पण वाटा म्हणजे सगळे नव्हे. येथेच आपली गाडी अडते. आपल्याकडे दोष नेहमी अख्खा मागितला जातो. एकतर कंपनी चोर, नाहीतर शेतकरी अडाणी. शेतकऱ्याची एक चूक सापडली की कंपनीचा हिशेब तेथेच मिटतो.

चुकीची वाटणी करणारा एक निकाल जगभर चेष्टेचा विषय झाला आहे. १९९२ साली अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात ७९ वर्षांच्या एका आजींच्या मांडीवर मॅकडोनाल्डची कॉफी सांडली आणि १९९४ साली जुरीने त्यांना लाखो डॉलर दिले. 'कॉफी गरम असते हे कळत नव्हते काय?' हा विनोद आपल्या वर्तमानपत्रांतूनही येऊन गेला. विनोदात जे आले नाही ते असे. गाडी उभी होती. आजींची कातडी इतकी भाजली की दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. कॉफी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाची असे आणि भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आलेल्या होत्या. आजींनी प्रथम २० हजार डॉलर मागितले होते, कंपनीने ८०० देऊ केले. मग जुरीतल्या बारा सामान्य माणसांनी काय केले? त्यांनी आजींनाही दोष दिला, २० टक्के. ८० टक्के कंपनीला. दोन लाखांची भरपाई त्या हिशेबाने १ लाख ६० हजारांवर आली. वरचे २७ लाख डॉलर हा दंड होता, कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीइतका. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी आपसात तडजोड झाली. ज्या निकालाला आपण बेजबाबदारपणाचे बक्षीस समजून हसलो, त्यात जबाबदारी दोन्ही पारड्यांत तोलली होती.

अमेरिकेच्या मोठ्या रकमांनी आम्ही मात्र भारावून जात नाही. २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जुरीने शाळेच्या मैदानावर तणनाशक फवारणाऱ्या एका कर्करोगग्रस्त माणसाला मॉन्सँटोकडून २८ कोटी ९० लाख डॉलर देवविले. २०२० साली अपिलात ते सुमारे २ कोटी ५ लाखांवर आले. एकाच दुखण्याची किंमत दोन वर्षांत चौदा पटींनी खाली येत असेल तर त्याला इन्साफ म्हणावे की लॉटरी? वकिलांचा वाटा वेगळाच. एवढी रक्कम आपल्याकडच्या मध्यम बियाणे कंपनीवर पडली तर ती बंद होईल, बहिणींची मजुरी जाईल, उरलेल्या कंपन्या पिशवीची किंमत वाढवतील आणि ती पुन्हा शेतकरीच भरील. ही भीती खरी आहे. म्हणून आम्हाला अमेरिकेची रक्कम नको आहे. त्या बारा माणसांचा तराजू हवा आहे.

आपल्याकडे दिवाणी दाव्यात जुरी नव्हतीच. फौजदारीतली होती, तीही नानावटी खटल्यानंतर बदनाम झाली आणि १९७३ च्या संहितेतून गेली. पण आपल्या न्यायालयांनी तराजू अगदीच सोडलेला नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या जालन्याच्याच महिकोचे प्रकरण होते. आंध्रातल्या शेतकऱ्याचे सूर्यफूल उगवले नव्हते आणि बियाणे प्रयोगशाळेत तपासलेच नाही, हा कंपनीचा मुद्दा होता. न्यायालयाने म्हटले, नमुना तपासणीला पाठवा असा अर्ज कंपनीही करू शकत होती. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात ते आणखी स्पष्ट झाले. शेतकरी हा ग्राहक आहे, आणि तो बियाणे पेरायला घेतो, पुढे भांडण होईल म्हणून बाजूला काढून ठेवायला नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष मालाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरणच आले. उत्पादकाने स्पष्ट हमी दिली असेल आणि माल तसा निघाला नाही, तर आपण निष्काळजी नव्हतो हे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. मात्र जो धोका उघड आहे, सर्वांना ठाऊक आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून त्याला धरता येत नाही. म्हणजे ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत हेही कायद्याने सांगितलेच आहे.

डोळे उघडे असूनही काय होते, ते कपाशीने दाखवले. २६ मार्च २००२ रोजी देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ती महिको आणि मॉन्सँटो यांच्या वाणांना. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट येई. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे तेथे काही बोंडअळ्या विषाची सवय न होता जगतील आणि सबंध अळीची जात बीटीला निर्ढावणार नाही. शास्त्र बरोबर होते. शेतकऱ्यांनी ते पाकीट फेकून दिले, हेही बरोबर आहे. दोन एकरांचा धनी अळीला जेवायला घालण्यासाठी कडेच्या रांगा सोडील, असे कागदावर लिहिणाऱ्याला तरी वाटले असेल काय? त्यात अनेकांनी जास्त वेचणीच्या आशेने फरदड घेतली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी खाल्ली. डिसेंबरमध्ये सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले, त्यातले १६ हजार बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. उद्योगाने ते मान्य केले नाही. दोष शेतकऱ्याचा, त्याने कडेची कपाशी लावली नाही! पुढे दोन्ही बियाणे एकाच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली. जे पुढे जमले ते आधी का जमले नाही, हा प्रश्न शेतकऱ्याने मान्य केलेल्या चुकीने पुसला जात नाही. माणूस कसा वागणार हे ज्याला आधीच कळते, त्याने त्या वागण्याआड लपू नये.

त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर मरण पावले. तेव्हाही हेच ऐकले. हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. भर उन्हात, छातीपर्यंत वाढलेल्या कपाशीत, दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या माणसाला कोणी हातमोजे दिले होते काय? त्यांतल्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांच्या वतीने २०२१ साली स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सिंजेंटा कंपनीवर दावा दाखल झाला. यवतमाळच्या बाईला इन्साफाचे दार ठोठवायला बाझेलला जावे लागते, याचे दुःख मानावे की तिच्या हिमतीचे कौतुक करावे, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

आता आपल्या घरातले बोलू. २०२० साली शेत कोरे राहिलेल्यांपैकी कितीजणांशी बोललो, त्यांतले बरेच तक्रार करायलाच गेले नाहीत. पक्की पावती नाही, उधारीवर घेतलेले, पिशवी चुलीत गेली, लेबल कोणी ठेवले नाही. आणि या सगळ्यावर एकच पांघरूण, "किस्मत में नहीं था भाई, अल्लाह की मर्जी." तकदीरवर ईमान आमचेही आहे. पण उंट बांधून मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. न बांधलेला उंट आणि कोणी चोरून नेलेला उंट, दोघांचाही हिशेब आपण तकदीरच्या खात्यावर मांडतो. यात आपली आळशी बाजूही सुटते आणि समोरच्याची लबाडीही.

या संदर्भात बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हजरत पैगंबर (स.) यांनी ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. त्यांनी विचारले, हे काय? विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. म्हणजे त्यानेही आभाळाकडेच बोट दाखवले होते. पाऊस त्याने पाडला नव्हता, ते खरेच होते. त्याला जाब विचारला गेला तो पावसाबद्दल नव्हे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, याबद्दल. फसवणारा आपल्यातला नाही, हा सुप्रसिद्ध इशारा याच प्रसंगातला.

आता २०२० च्या सोयाबीनकडे पुन्हा पाहा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन काढणीत, मराठवाड्यात पाऊस कोसळला. उभे आणि कापलेले सोयाबीन भिजले. पुढच्या वर्षीचे बियाणे त्यातूनच निघणार होते. पाऊस कोणाचा गुन्हा नव्हता. ज्याने ती ओल पाहिली, उगवण मोजली आणि शेतकऱ्याला मोकळेपणाने सांगितले, किंवा तो माल बियाणे म्हणून विकलाच नाही, त्याच्यावर आमचे काही म्हणणे नाही. ज्याने ओले खाली आणि कोरडे वर ठेवले, त्याने मात्र हवामानाचा दाखला देऊ नये. फिकहमध्ये खियार-ए-ऐब आहे, मालात दडलेला दोष निघाला तर परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क. नफा ज्याचा, नुकसानीची हमीही त्याचीच, हे तत्त्वही आहे. अनेक पिशव्यांवर बारीक अक्षरांत छापलेले असते की कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरतीच. शेतकऱ्याचे जाते ते खत, मशागत, मजुरी, आणि दुबार पेरणीला उशीर झाला तर सबंध हंगाम. त्या बारीक अक्षरांचे काय करायचे, हे कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या आपल्या भावांनीही स्वतःला विचारावे. गिऱ्हाईक त्यांचा चेहरा पाहून पिशवी उचलते, कंपनीचा मालक त्याने पाहिलेला नसतो.

मागे आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने सांगितल्याप्रमाणे सगळे केले. पक्की पावती घेतली, लेबल जपले, शंभर दाणे गोणपाटात ठेवले. त्रेपन्न उगवले. तो पिशव्या घेऊन दुकानात गेला. दुकानदार आपल्याच जमातीतला, सज्जन. त्याने चहा मागवला, दाणे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "भाई, तुमचं खरं आहे, पण कंपनी फोडलेली पिशवी परत घेत नाही." शेतकऱ्याने विचारले, "न फोडता शंभर दाणे कसे काढायचे?" दुकानदाराने कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगण्यात आले, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दोघेही चहा पीत बसून राहिले, आणि बाहेर आभाळ भरून आले होते.