मृत्यू मोजून पुढे काय?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होत. १९८८ साली तिथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बॉल्सिन यांना लवकरच शंका येऊ लागली, की इथे बाळं जास्त दगावताहेत. त्यांनी नोंदी जमवल्या, वरिष्ठांना सांगितलं, पत्र लिहिलं. शस्त्रक्रिया चालूच राहिल्या. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात वर्षाखालच्या मुलांचे मृत्यू इतर केंद्रांवरून केलेल्या अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ने जास्त होते. बॉल्सिन तोवर ऑस्ट्रेलियात नोकरीला निघून गेले होते.

ब्रिस्टलमध्ये माहितीचा तुटवडा नव्हता, हे मला त्या अहवालातलं सर्वांत अस्वस्थ करणारं सत्य वाटतं. आकडे भरपूर होते. ते पाहून हालचाल करणं हे नेमकं कोणाचं काम, हेच ठरलेलं नव्हतं. व्यवस्थापन म्हणे, हा डॉक्टरांचा प्रश्न. वरचं खातं म्हणे, हा रुग्णालयाचा प्रश्न. आणि त्याच काळात आईबाप मूल त्यांच्या हाती सोपवत होते.

ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल गव्हर्नन्स’ ही व्यवस्था आली तेव्हा ब्रिस्टलची जखम ताजी होती. रुग्णालय चालवणारी संस्था तोवर मुख्यतः जमाखर्चाला उत्तरदायी होती. १९९९च्या कायद्याने उपचारांच्या दर्जाची जबाबदारीही तिच्यावर टाकली. समित्या नेमल्या गेल्या, ऑडिट सुरू झालं. तरीही मिड स्टॅफर्डशायर घडलं. तिथल्या रुग्णालयात म्हातारी माणसं पाण्यावाचून, मळलेल्या अंथरुणात पडून असत आणि त्याच संस्थेला २००८ साली अधिक स्वायत्ततेचा मानाचा दर्जा मिळाला. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३च्या अहवालाने दाखवलं, की संस्थेचं लक्ष पैशावर आणि उद्दिष्टांवर होतं. नातेवाइकांचं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं.

म्हणून अशा व्यवस्थेचं मूल्यमापन कागदावरून करू नये, असं माझं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीचंच पाहा. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती १०१ रुग्णालयांत लागू झाली, तेव्हा मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. माझ्या मते यातून एकच कळतं: यादीवर खूण करणं सोपं असतं. सुरी टेकवण्याआधी सिस्टरने “सर, थांबा” म्हणणं आणि सरांनी खरोखर थांबणं, हे हुकमाने होत नाही.

आपल्याकडे तर ही उतरंड अधिक पक्की आहे. वॉर्डात रात्रभर जागणाऱ्या सिस्टरला किंवा मावशीला रुग्णाची घालमेल सगळ्यांत आधी कळते. राउंडला मात्र त्या गप्प उभ्या असतात. रुग्णालयाच्या दर्जाबद्दल दिलं जाणारं एनएबीएचचं मानांकन मिळवण्यासाठी आपली रुग्णालयं कष्ट घेतात, आणि ते घ्यायलाच हवेत. पण तपासनीस येण्याआधी फायली पूर्ण करायच्या आणि तो गेला की त्या कपाटात ठेवायच्या, असं झालं तर ते रुग्णाच्या उपयोगाचं नाही. मृत्यूच्या आढाव्यात दोष शोधण्याआधी कारण शोधलं गेलं का, ठरलेला बदल सहा महिन्यांनी टिकला का आणि चूक सांगणारा माणूस अजून नोकरीत आहे का, हे मी आधी विचारेन. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पहिल्या दोन उत्तरांवर माझा विश्वास बसणार नाही.

महाराष्ट्रातली कितीतरी रुग्णालयं धर्मादाय विश्वस्त संस्था चालवतात आणि गावातली जाणती माणसं तिथे विश्वस्त असतात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर पुढच्या सभेत बांधकाम निधीच्या आधी मागच्या तीन महिन्यांतल्या मृत्यूंचा विषय घ्या. आणि त्या चर्चेला डॉक्टरांबरोबर वॉर्डातल्या सिस्टरांनाही बोलवा.