निवडीच्या ओझ्यातून सुटलेली बारावी

2025 साली महाराष्ट्राचा बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला. राज्याचा निकाल 91.88 टक्के, नेहमीप्रमाणे कोकण विभाग अव्वल, नेहमीप्रमाणे मुली पुढे. अभियांत्रिकीकडे निघालेल्या मुलामुलींनी मात्र त्या गुणपत्रिकेत एकच गोष्ट पाहिली असेल. फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय मिळून 45 टक्के होतात की नाही? राखीव प्रवर्गातल्या मुलांसाठी ही रेषा 40 टक्क्यांची. वैद्यकीयला जाणाऱ्यांना खुल्या प्रवर्गात पीसीबीमध्ये 50 टक्के लागतात, एनआयटीची आशा असणाऱ्यांना 75 टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा. रेषा ओलांडली की गुणपत्रिकेचं काम झालं. पुढचं सगळं सीईटी, नीट आणि जेईई ठरवतात.

दोन वर्षांचं शिक्षण, सहा विषय, 600 गुण, प्रयोगवह्या, तोंडी परीक्षा, आणि हाती येतो तो पात्रतेचा एक शिक्का. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा उपायही ठरलेला असतो: प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना पुन्हा वजन द्या, मुलं आपोआप कॉलेजात परततील. त्यांची तळमळ मला पटते, उपाय पटत नाही. बारावीच्या डोक्यावरून निवडीचं ओझं उतरलं ही चांगली गोष्ट झाली. वाईट हे झालं की ते उतरल्यावर बारावीने काय करायचं, याचा विचारच कोणी केला नाही.

थोडं मागे जाऊ. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या काळात इंजिनिअरिंग-मेडिकलचा फैसला इंटर सायन्सला व्हायचा. मग 1964–66च्या कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार 10+2+3 हा आकृतिबंध आला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. दहावीनंतरच्या दोन वर्षांत मुलांचा मोठा वाटा व्यवसायशिक्षणाकडे वळेल, अशी आयोगाची कल्पना होती. ते घडलं नाही. ही दोन वर्षं पदवीच्या दारातली रांग बनली, आणि रांगेत कोण पुढे उभं राहणार हे ठरवण्याचं काम बारावीच्या परीक्षेकडे गेलं.

म्हणजे एकाच उत्तरपत्रिकेतून दोन प्रश्नांची उत्तरं काढायची होती. हा विद्यार्थी पुरेसं शिकला का? आणि हा त्या दुसऱ्यापेक्षा पुढे आहे का? पहिल्या प्रश्नाला मोकळी, लांब, विचार करून लिहिलेली उत्तरं हवी असतात. दुसऱ्याला हवं असतं अर्ध्या गुणाचाही वाद होणार नाही असं काटेकोर मोजमाप. दोन्हींचा मेळ बसला नाही. ठरावीक प्रश्न, आदर्श उत्तरं, अधोरेखित केलेली व्याख्या, कोपऱ्यात आकृती असं एक साचेबंद लेखन त्यातून जन्माला आलं.

त्या काळाला नुसतं मोडीत काढणंही अन्यायाचं होईल. लातूर पॅटर्नची आज चेष्टा होते, पण राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी काय केलं ते आठवून पाहा. डॉ. जनार्दन वाघमारे हे या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. मुंबई-पुण्यापासून दूर, पाण्याची ददात असलेल्या गावात, कॉलेजच्याच प्राध्यापकांनी सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, चुकांवर पुन्हा शिकवणी अशी शिस्त बसवली आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्यात पाठांतराचा भाग होता, मान्य. पण तो सगळा उद्योग कॉलेजच्या आवारात, वर्गशिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखत असताना चालायचा. पुढे परीक्षा बदलल्या, तसं हे काम आवाराबाहेर गेलं. आज त्याच लातुरात दूरदूरच्या तालुक्यांतली मुलं खोली करून राहतात ती क्लाससाठी.

वजन परत देण्याचा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे, हे फार लवकर विसरलं गेलं. 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना 40 टक्के स्थान होतं. महाराष्ट्राने 2014 आणि 2015 मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांच्या निम्म्या-निम्म्या गुणांवर दिले. अडचण लगेच पुढे आली. देशात मंडळं अनेक, प्रत्येकाची गुण देण्याची रीत वेगळी. मग सगळ्यांना एका मापात बसवण्यासाठी पर्सेंटाइलची आकडेमोड आली, ती सामान्य पालकाला कधीच कळली नाही आणि जी गोष्ट कळत नाही तिच्यावर विश्वास बसत नाही. 2016 साली राज्य पुन्हा एमएचटी-सीईटीकडे वळलं, 2017पासून जेईईनेही बारावीचे गुण वगळले.

वजन दिलं की आणखी एक गोष्ट होते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या विषयांत 30-30 गुण प्रात्यक्षिकाचे. हे गुण क्रमवारीत मोजले जाणार असतील तर आपल्या मुलाला 24 देणारा प्रामाणिक शिक्षक त्या मुलाचं नुकसान करत असतो, कारण शेजारच्या कॉलेजने 30 दिलेले असतात. क्रमवारीच्या दबावाखाली भला माणूसही 30 देतो. मग त्या 30 गुणांतून काहीच कळत नाही आणि मुलाने लोलकाचा प्रयोग स्वतः केला होता का, हे कोणी विचारत नाही.

हेच उलटून पाहिलं तर वाट दिसते. आज बारावीच्या 24ने किंवा 30ने कोणाची जागा जात नाही. म्हणजे खरं ते लिहिण्याची मोकळीक शिक्षकाला बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा मिळाली आहे. मंडळाला लांब उत्तरांचे प्रश्न विचारता येतील, कारण तपासणाऱ्यांच्या मतात दोन-चार गुणांचा फरक पडला तरी कोणाचं आयुष्य बदलणार नाही. सीईटीला हे शक्य नाही. पीसीएम गटात दीडशे प्रश्न, तीन तास, 200 गुण, अभ्यासक्रमाचा 80 टक्के भार बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर, चुकीला गुणकपात नाही. लाखो मुलांची चाळणी करायला असंच यंत्र लागतं आणि ते त्याचं काम करतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट पाहता येते का, स्वतःचं म्हणणं दोन पानं सलग लिहिता येतं का, हे त्याला विचारता येणार नाही. ते बारावीने विचारायचं.

आज ती विचारते का? इंटिग्रेटेडच्या नावाखाली क्लास आणि ज्युनिअर कॉलेज यांची जी युती झाली आहे, तिच्यात मूल प्रवेश एका ठिकाणी घेतं आणि शिकतं दुसऱ्याच ठिकाणी. हजेरी कागदावर भरते. शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, पण वर्गात बसण्यासारखं काही उरलं नसेल तर बोटाचा ठसा काय करणार? भाषेचीही तीच कथा. इंग्रजी अनिवार्य आहे, दुसऱ्या भाषेच्या जागी मात्र माहिती तंत्रज्ञान घेता येतं, आणि विज्ञानाची असंख्य मुलं तेच घेतात, कारण परीक्षा संगणकावर होते आणि गुण हमखास मिळतात. दहावीनंतर मराठीत एक निबंधही न लिहिता मूल डॉक्टर होऊ शकतं. उद्या हाच डॉक्टर रुग्णाला आजार समजावून सांगणार आहे, मराठीतच.

2021 चा अनुभव बोलका आहे. करोनामुळे परीक्षा झाली नाही, दहावी, अकरावी आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या सूत्रावर निकाल लावला, तो 99.63 टक्के लागला. अभियांत्रिकीचे प्रवेश त्या वर्षीही सीईटीवर पार पडले. दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. पण परीक्षेविना निकाल लागूनही प्रवेशाचं गाडं अडलं नाही, तिथेच बारावीची पोकळी उघडी पडली.

बारावीवरचा हा अविश्वास आता नको तिथेही पसरतो आहे. 2024-25 पासून राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली. जिथे गर्दीच नव्हती तिथे चाळणी लावली गेली. अर्ज कमी आले, सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्या आणि अनेक कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून सीईटीतून सुटका करून घेतली.

मला हवी असलेली बारावी अशी आहे. प्रात्यक्षिक स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागेल, परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून येईल, प्रयोग चिठ्ठी काढून मिळेल. प्रत्येक शाखेच्या मुलाला एका भारतीय भाषेत सलग, मोठं लेखन करावं लागेल. गुणपत्रिकेवर उत्तीर्ण किंवा पुन्हा प्रयत्न करा, एवढंच पुरे. वजन नसेल तर मुलं मनावर घेणार नाहीत, हा आक्षेप मी अनेक शिक्षकांकडून ऐकला आहे. पण उंबरठा ओलांडल्याशिवाय सीईटीचा पर्सेंटाइल निरुपयोगी ठरणार असेल तर मुलं उंबरठाही मनावर घेतील. कॉपी होईल का? होईल. 35 गुणांसाठी आजही होते. निदान 92 चे 96 करून देण्याची जी संघटित धडपड असते, तिला कारण उरणार नाही.

रिकाम्या ज्युनिअर कॉलेजची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती अर्ज भरताना, आणि ती मोजतं ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही ते मूल. कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, अर्ज ही एक स्वतंत्र परीक्षाच आहे, फक्त तिचा अभ्यासक्रम कोणी सांगत नाही. जातीचा दाखला असून चालत नाही, पडताळणी प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात आणि त्याला महिने लागतात. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली की आरक्षणाचा दावा अडतो. पसंतीक्रम भरताना पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तो प्रवेश पक्का धरला जातो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून पहिला क्रमांक उगाच लिहायचा नसतो. शिक्षणशुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांसाठी यादीत वेगळा सांकेतिक क्रमांक भरावा लागतो, तो भरला नाही तर गुण असूनही जागा मिळत नाही. 2024 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे, पण प्रवेश कॅपमधूनच घेतलेला हवा. घाबरून व्यवस्थापन कोट्यात जागा घेणारी मुलगी हा हक्क गमावते आणि तिच्या वडिलांना ते पहिली फी भरल्यावर कळतं.

शहरातली, पैसेवाली कुटुंबं यासाठी समुपदेशक नेमतात. तालुक्याच्या गावात हे काम सायबर कॅफेवाला करतो, तोही पुष्कळदा मनापासून करतो, पण चुकला तर जबाबदार कोणी नसतो. हे काम ज्युनिअर कॉलेजचं आहे. अनुदानित कॉलेजांत पूर्णवेळ शिक्षक आहेत, त्यांचे पगार शासन देतं, आणि विज्ञानाच्या वर्गांत समोर बसायला मुलं नाहीत. आठवड्याचे दोन तास वेळापत्रकात धरून, त्याचा कार्यभार मोजून, एका शिक्षकाकडे हे सोपवता येईल. पडताळणीचे अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जातील, उत्पन्नाचे दाखले वेळेत काढून होतील, आणि बारावीच्या जानेवारीत खोट्या पर्सेंटाइलवर खरा पसंतीक्रम भरण्याचा सराव होईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. शिक्षण संचालनालयाचं एक परिपत्रक पुरेल आणि ते येत्या जूनच्या आधी निघू शकतं.