चांगल्या कामासाठी चुकीचे कारण?

रविवारच्या शाळेत झाडांविषयीचा धडा चालला होता. "झाडे प्राणवायू देतात, ती तोडली तर आपला श्वास कोंडेल," असे आम्ही सांगताच धारवाडच्या एका मुलाने विचारले, "बसमार्गासाठी हुबळी रस्त्यावरची एवढी झाडे गेली, मग आपला श्वास का कोंडला नाही?" आम्ही निरुत्तर झालो.

घरी येऊन पुस्तके पाहिली. 1771 साली इंग्लंडातील लीड्सचे पाळक जोसेफ प्रीस्टली यांनी, मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. हे काम हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच, असे 1779 साली यान इंगेनहाऊस यांनी दाखविले. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते. त्या शक्तीने पाण्याचे विघटन होते; त्यातील हायड्रोजन अन्न तयार करण्याच्या कामी येतो आणि प्राणवायू बाहेर पडतो.

परंतु झाडही रात्रंदिवस श्वसन करते, आणि गळलेली पाने कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. त्यामुळे जुन्या अरण्याकडून हवेत पडणारी भर फारच थोडी असते. हवेतील सुमारे 21 टक्के प्राणवायू ही कोट्यवधी वर्षांची साठवण आहे. मुलाचा प्रश्न रास्त होता.

मग झाडे का लावावीत? 14 नोव्हेंबर 1987 रोजी, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे, गावकऱ्यांनी सामाईक जमिनीवरील निलगिरीची रोपे उपटून उपयोगी झाडे लावली. प्राणवायू निलगिरीही देतच होती. गावाला हवा होता चारा आणि सरपण. रस्त्याकडेचे झाड गेले की भाजीवालीची सावली जाते, पाखरांचा आसरा जातो. ही कारणे लहान दिसतात, पण खरी आहेत.

हेतू चांगला असला म्हणजे कारण कसेही चालेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. मूल मोठे होते, आणि कारण खोटे ठरले की त्याबरोबर धडाही टाकून देते. झाडावरचे प्रेम तर जातेच. शिक्षकावरचा विश्वासही जातो.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गापुढे आपली चूक कबूल केली. त्याच मुलाने विचारले, "मग सावलीसाठी झाड कुठे लावायचे?"